भेसळ नव्हे, संगम

परकी कला आत्मसात केली की आपली ओळख पुसली जाते, असे अनेकांना वाटते. पॅरिसमधील ‘केई’ हे लहानसे उपाहारगृह या समजुतीस उत्तर देते. जपानच्या केई कोबायाशी यांनी फ्रान्समधील स्वयंपाकघरांत अनेक वर्षे उमेदवारी केली आणि २०११ मध्ये ते सुरू केले. तेथील पाककृतींचा पाया फ्रेंच आहे. परंतु लिंबाच्या फेसाखाली मांडलेल्या कुरकुरीत भाज्यांच्या ताटात जपानी नेटकेपणा व संयम जाणवतो. २०२० मध्ये त्यांना मिशलँ मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. फ्रान्समध्ये हा मान मिळवणारे ते पहिले जपानी पाककलाकार होत. दोन चवी नुसत्या एकत्र केल्यास भेसळ होते. शिष्यभावाने शिकून मग स्वतःचे काही दिले, तरच संगम घडतो.