पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं न गाळता

"त्यातला बेस्ट कुठला तेवढा सांग. तेवढाच खेळतो. वेळ नाहीये रे."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोलणारा बहुतेक आपल्यातलाच असतो. आयटीत, तिशीच्या अलीकडे, उलव्यात नाहीतर खारघरात फ्लॅटचा हप्ता चालू, घरी प्लेस्टेशन, आणि त्यात तासभर खेळून सोडलेले दहा-बारा गेम. हाच वेळ नसलेला माणूस वेब सिरीजचे पाच सीझन एका लाँग वीकेंडला उडवतो. तिथे त्याला "डायरेक्ट चौथ्या सीझनपासून बघ" म्हणून बघा. अंगावर येईल.

तर मंडळी, आज भांडण. माझं म्हणणं सरळ आहे. काही गेम सिरीज सुट्या खेळायच्याच नसतात. पहिल्यापासून सुरू करायचं, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने जायचं, आणि मधला वाईट गेमसुद्धा गाळायचा नाही. अशी एकच सिरीज सांग म्हणाल, तर मी प्रिन्स ऑफ पर्शिया सांगेन. जीटीए नाही, आणि कॉल ऑफ ड्यूटी तर नाहीच. (कॉल ऑफ ड्यूटी पहिल्यापासून खेळणं म्हणजे एकाच टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन तोच फ्लॅट बघणं.)

पुढे गोष्टी फोडल्या आहेत. गेम वीस-वीस वर्षं जुने आहेत, तेव्हा रसभंगाची तक्रार चालणार नाही.

सुरुवात १९८९ ची. त्या वर्षी मे महिन्यात आमचं न्हावा शेवा बंदर सुरू झालं, आणि ऑक्टोबरात तिकडे अमेरिकेत जॉर्डन मेकनर नावाच्या पंचवीस वर्षांच्या पोराचा गेम ॲपल टू वर आला. (योगायोग. पण मी याच बंदराच्या आसपास पोट भरतो, त्यामुळे मला तो आवडतो.) मेकनरनं धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम कॉम्प्युटरवर उतरवली. म्हणून तो राजपुत्र आजही माणसासारखा पळतो. थांबताना पाय घसरतो त्याचा. गोष्ट आजीच्या गोष्टीइतकी साधी. दुष्ट वजीर, कैदेतली राजकन्या, हातात साठ मिनिटं.

आता खरी मजा. ॲपल टू ची मेमरी भरून गेली होती आणि गेममध्ये शत्रू टाकायला जागाच नव्हती. मग मेकनरनं राजपुत्राचीच चित्रं घेतली, ती एक बिट सरकवून स्वतःशीच एक्सॉर केली, आणि एक चकाकती सावली तयार झाली. नवीन चित्रांचा खर्च शून्य! प्रोग्रामिंग करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ऐकून टाळी द्यावीशी वाटेल. पण तो तिथे थांबला नाही. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा येतो. तुम्ही त्यातून उडी मारता आणि दुसऱ्या बाजूने तुमची सावली पळून जाते. पुढच्या लेव्हलला ती तुमच्या डोळ्यांसमोर औषधाची बाटली पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या लेव्हलला तोंडावर दार लावून तुम्हाला खाली पाडते. तुम्ही दात-ओठ खात राहता, आणि शेवटी बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते. वार केलात की ताकद तुमचीच कमी होते. मारलंत तर मेलात. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात चालत जायचं. कुठेही लिहिलेलं नाही, कोणी सांगत नाही.

हे लक्षात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत.

मधले दोन गेम पटकन. १९९३ चा दुसरा भाग ठीकठाक आहे, पण खेळा. १९९९ चा थ्रीडी बहुतेकांनी विसरायचं ठरवलंय. तो अर्धा तास तरी खेळा. राजपुत्र थ्रीडीत आणणं किती अवघड होतं हे त्याशिवाय कळत नाही, आणि मग २००३ चा सँड्स ऑफ टाइम सुरू केल्यावर पहिल्याच भिंतीवर धावताना तोंडातून "आयला" निघतं ते का निघतं हेही कळत नाही.

सँड्स ऑफ टाइमबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. या गेमची सुरुवात भारतात होते. पर्शियाची फौज एका हिंदुस्थानी महाराजाचा महाल लुटते, आणि तिजोरीतून खंजीर पळवणारा चोर म्हणजे आपण, खेळणारा. फराह ही त्या महाराजाची मुलगी, लुटीसोबत पकडून नेलेली. पुढचा सगळा गेम राजपुत्राचं तिच्याशी भांडत, टोमणे मारत, हळूहळू प्रेमात पडणं आहे. आणि सगळा गेम हा तो कोणाला तरी सांगत असतो. तुम्ही कड्यावरून पडून मेलात की सांगणारा म्हणतो, छे छे, असं नव्हतं झालं, आणि गोष्ट पुन्हा मागे जाते. शेवटी कळतं की ऐकणारी फराहच आहे. त्याने काळ मागे फिरवलाय, लूट झालीच नाही, वजीर मेला, आणि तिला तो कोण हेही आठवत नाही. तो जातो. संपलं. आठ-दहा तासांचं काम.

बहुतेक लोक इथे थांबतात. "बेस्ट" खेळून झाला ना! आणि इथेच माझं भांडण आहे, कारण हा शेवट खोटा आहे. म्हणजे सुंदर आहे, पण फुकटात मिळालेला आहे. चोरी केली, काळाची वाळू मोकळी केली, बापासकट अख्खं शहर राक्षस झालं, आणि मग एक बटन दाबून सगळं अनडू. वर हीरो सुटला.

२००४ चा वॉरियर विदिन या अनडूचं बिल घेऊन येतो. ज्याने वाळू मोकळी केली त्याने मरायला हवं होतं, आणि तो मेलेला नाही, म्हणून दहाका नावाचं काळाचं कुत्रं सात वर्षं त्याच्या मागे लागलंय. मान्य, गेम दिसायला भयंकर आहे. हेवी मेटल, रक्ताचे सडे, बायकांचे कपडे शिंप्याने अर्धेच शिवलेले. खुद्द मेकनरनं जाहीरपणे सांगितलं होतं की त्याला ही रक्तबंबाळ दिशा पटली नाही. मलाही तो चिडका राजपुत्र डोक्यात जातो. पण "तो टाकून डायरेक्ट द टू थ्रोन्स खेळ" असं सांगणाऱ्या चाहत्यांना मला विचारायचंय, की तुम्ही नीट खेळलात का तो? अर्ध्या गेममध्ये एक भुतासारखा प्राणी तुमच्या आसपास वावरतो, तुमच्या डोळ्यांसमोर त्याचा दहाका फडशा पाडतो. पुढे एक मुखवटा चढवल्यावर तुम्ही तोच प्राणी होता आणि तेच सगळे प्रसंग दुसऱ्या बाजूने जगता. सावली परत आली! आरशाशिवाय, यावेळी.

त्यात आणखी एक मेख आहे. या गेमला दोन शेवट आहेत. आडवाटेला लपवलेल्या ताकद वाढवणाऱ्या नऊच्या नऊ जागा शोधल्या तर पाण्याची तलवार मिळते आणि दहाकाशी लढता येतं. तिसरा गेम या दुसऱ्या शेवटापासून पुढे जातो. म्हणजे घाईघाईने "संपवून टाकला" म्हणणाऱ्याने सिरीजचा खरा शेवट बघितलेलाच नसतो.

मग २००५ चा द टू थ्रोन्स. राजपुत्र बॅबिलॉनला घरी येतो, तर घर जळतंय. त्याने भूतकाळात केलेल्या उचापतींमुळे वजीर पुन्हा जिवंत आहे. आणि आता सावली बाहेर नाही, त्याच्या आतच आहे. ती त्याच्याशी बोलते, कुजकट टोमणे मारते, मधूनमधून शरीराचा ताबा घेते. शेवटच्या लढाईत तुम्ही तिच्यावर वार करत राहता आणि काहीच होत नाही. फराहचा आवाज येतो, आणि उत्तर काय तर लढणं सोडून द्यायचं, पाठ फिरवायची, उजेडाकडे चालायचं.

१९८९ ची बारावी लेव्हल खेळलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो. सोळा वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या टीमने, मेमरी पुरत नव्हती म्हणून जन्मलेल्या एका एक्सॉरला दिलेलं हे उत्तर आहे. "बेस्ट तेवढा" खेळणाऱ्याला इथे एक साधा बॉस दिसतो, जरा विचित्र.

यूट्यूबवर "ऑल कटसीन्स" तीन तासांत बघणाऱ्यांना फक्त एवढंच: तलवार म्यान करायचं बटन तुम्ही दाबलेलं नाही. विषय संपला.

आता तिसरी जमात, आणि यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग. "रीमेक येऊ दे रे, मग खेळू." या रीमेकची कथा आपल्याला जवळची आहे. यूबीसॉफ्टचा पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा आणि मुंबईचा २०१८ पासूनचा. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सँड्स ऑफ टाइमचा रीमेक हे दोघं मिळून करणार. हिंदुस्थानी महालात सुरू होणारा गेम पुण्या-मुंबईत पुन्हा घडणार! ट्रेलर आला आणि जगभर त्याची टर उडवली गेली. चित्रं जुनाट, चेहरे मेणाचे. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मार्चची "कळवू" वर गेली. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला नेलं, जिथे मूळ गेम झाला होता. आणि जानेवारी २०२६ मध्ये गेम चक्क रद्द. वाट बघणाऱ्यांची पाचाहून जास्त वर्षं गेली. तेवढ्यात मूळ तिन्ही गेम दहा वेळा खेळून झाले असते.

माझ्या ओळखीत तेव्हा सगळ्यात जोरात हसले ते आपलेच लोक. "आपल्याकडे हेच होणार." हसणाऱ्यांपैकी किती जणांनी मूळ गेम शेवटपर्यंत खेळला होता? मी विचारलं होतं. उत्तरं ऐकण्यासारखी नव्हती.

मला त्या पोरांचं हसू येत नाही, कारण मला ती नोकरी ओळखीची वाटते. मी कंटेनर यार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ट्रेलर गेटवर आला, नंबर जुळला, स्लिप निघाली, इथपर्यंत माझं राज्य. यार्डात तो कंटेनर कुठल्या थरावर ठेवायचा हे दुसरी टीम ठरवते, जहाजावरचं तिसरी. एका कंटेनरचा जहाजापासून गेटबाहेरपर्यंतचा अख्खा प्रवास मी कधीच बघितलेला नाही, आणि माझ्या कामासाठी बघायची गरजही नाही. आपल्या पिढीच्या बहुतेक इंजिनियरांचं हेच आहे. मॉड्यूल येतं, तिकीट येतं, अख्खी वस्तू येत नाही. भारतातल्या गेम स्टुडिओंच्या वाट्यालाही वर्षानुवर्षं बऱ्याच अंशी असंच काम आलंय, कुठे चित्रं, कुठे टेस्टिंग, कुठे जस्ट डान्ससारख्या चालू गेममध्ये हातभार. आणि मग एके दिवशी त्यांच्या हातात जगाचा लाडका गेम ठेवायचा, अख्खा, आणि जमलं नाही की देशाचं नाव काढून हसायचं. मला हे अन्यायाचं वाटतं. त्याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्सच्या छोट्या टीमने २०२० मध्येच राजी हा गेम स्वतःचा, अथपासून इतिपर्यंत केला. तो बघा, लांबी कमी आहे, मारामारी थोडी कच्ची आहे, पण कुठेही वाटत नाही की बनवणाऱ्याला पुढच्या खोलीत काय आहे ते माहीत नव्हतं.

म्हणून मी पहिल्यापासून खेळा म्हणून हट्ट धरतो. अख्खी वस्तू कशी सुरू झाली, कुठे बिघडली, कोणी सावरली, हे आपल्याला ऑफिसात बघायला मिळत नाही. इथे पस्तीस वर्षांचा माल समोर रचून ठेवलाय, तर आपण तिथेही फक्त आपल्या पुरतं मॉड्यूल मागायचं?

उरलेल्यांचं थोडक्यात. २००८ चा गेम वेगळ्या राजपुत्राचा, आणि त्याचा शेवट मला सगळ्यात जास्त छळतो. जिने जग वाचवायला जीव दिला तिला परत आणण्यासाठी तुम्ही स्वतःच्या हाताने चार झाडं तोडता आणि सैतान मोकळा करता. (पुढचा भाग पीसीवाल्यांना दिलाच नाही. आजही राग येतो.) २०१० चा फॉरगॉटन सँड्स कथेत पहिल्या दोघांच्या मधे बसतो, पण खेळा दहाच्या जागीच, क्रम सोडू नका. जानेवारी २०२४ चा लॉस्ट क्राउन अप्रतिम आहे, आणि तो करणारी टीम त्याच वर्षी मोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झालेला रोग प्रिन्स शेवटी ठेवा.

जुन्या गेमची नव्या मॉनिटरवर स्क्रीन नीट बसत नाही, त्यासाठी चाहत्यांनी केलेले पॅच शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. १९८९ च्या गेमचा मूळ असेंब्ली कोड मेकनरनं २०१२ मध्ये गिटहबवर टाकला. त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या म्हणून तो वाचला. आज रात्री उघडून बघा, सावली कुठे आहे ते शोधा. खेळायचा असेल तर डॉसवाला ब्राउझरमध्येसुद्धा चालतो, काही विकत घ्यायला नको. तिसऱ्या लेव्हलला एक सांगाडा उठून उभा राहील. तो तलवारीने मरत नाही, त्याला मागे रेटत रेटत खड्ड्यात पाडायचा असतो. एवढं सांगितलं, बाकी तुमचं तुम्ही बघा.