काचेवरचे बोट आणि कळफलक

आजकाल लॅपटॉप घ्यावयाचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो असा : ‘टच आहे का?’ विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, पालक असतात आणि, क्षमा असावी, काही प्राध्यापकही असतात. मोबाईलचा पडदा बोटाने सरकतो, मग लॅपटॉपचा का सरकू नये, एवढाच त्यामागील विचार. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या हौसेपायी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवरा आश्रमच्या परिसरात हे पैसे बहुधा सोयाबीन विकूनच उभे करावे लागतात, हे विसरून चालणार नाही.

वस्तू नवी आहे असेही नाही. बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली. १९८३ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने तसा संगणक बाजारातही आणला. परंतु उभ्या पडद्यापुढे हात उचलून धरला की थोड्याच वेळात खांदा भरून येतो. या दुखण्याला इंग्रजीत ‘गोरिला आर्म’ असे गमतीदार नाव पडले आहे. मोबाईल तळहातावर विसावतो. लॅपटॉपचा पडदा मात्र भिंतीसारखा समोर उभा असतो. शिवाय काच फुटली तर बहुधा सारा पडदाच बदलावा लागतो. आणि विवेकानंद जन्मोत्सवातील पुरी-भाजीचा महाप्रसाद घेऊन आलेली बोटे त्या काचेवर काय करतील, ते सांगावयास नकोच!

खरा प्रश्न निराळाच आहे. आपल्यापैकी कितीजणांना मराठी कळफलक येतो? लिपिक-टंकलेखक या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द लागतो. तो वेग काचेवर अंगठे आपटून येत नाही. कळांकडे न पाहता दहाही बोटे चालावी लागतात, आणि बोटाला कळ जाणवली तरच ते साधते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर! वर्णमाला येणाऱ्याला तो शिकणे जड नाही. तरीही आपण ‘माझे’ लिहिण्यासाठी आधी रोमन अक्षरे जुळवितो. मराठी विषय घेऊन पदवी मिळविणाऱ्याने असे करावे, याचे मला नवल वाटते.

एका ठिकाणी मात्र मी या पडद्याच्या बाजूने उभा राहीन. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी कागद वाचावयाचा असतो. बोरू शक्यतो न उचलता ओढलेल्या त्या ओळीत एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हेच कळत नाही. अशा कागदाचे छायाचित्र दोन बोटांनी मोठे करावे, लेखणीने शब्दाशब्दात रेघ मारावी, वर देवनागरी अक्षर लिहावे, चुकले तर पुसावे. मूळ कागदाला धक्काही लागत नाही. भूगोलाच्या नकाशालाही हीच सोय उपयोगी पडेल. पण त्यासाठी पडदा मागे वळून पाटीसारखा आडवा होणारा हवा व सोबत लेखणी हवी. केवळ बोट लावता आले म्हणून हे काम होत नाही.

असे यंत्र घरोघरी कशाला? महाविद्यालयाने एक घेऊन ग्रंथालयात ठेवावे, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर इन्स्क्रिप्टचा तक्ता लावावा.