‘मुक्त’ श्रमिकाचे उघडे घर

घरी बसून भाषांतर, मुद्रितशोधन, आरेखन वा हिशेब यांची कामे सुटी सुटी घेऊन करणाऱ्यास अलीकडे ‘मुक्त व्यावसायिक’ म्हणतात. तो कशापासून मुक्त आहे? भविष्य निर्वाह निधीपासून, पगारी रजेपासून, आजारपणाच्या विम्यापासून आणि कामाच्या शाश्वतीपासून. पहाऱ्यातून मात्र त्याची मुक्तता झालेली नाही. गिरणीतील मुकादमाची नजर निदान गिरणीच्या दाराशी थांबत असे. या नव्या मुकादमाची नजर श्रमिकाच्या घरात शिरली आहे.

कामाचा पहिला तुकडा पदरात पडण्यापूर्वीच आधारपत्राची प्रत, पॅन, रद्द केलेला धनादेश, घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मागितला जातो. पॅन करकपातीसाठी लागतो, हे मान्य. परंतु चार पानांच्या भाषांतरासाठी आधारपत्राची प्रत कशाला? ती कोणाच्या संगणकात, किती वर्षे पडून राहणार? असे विचारणारा कटकट्या ठरतो आणि पुढचे काम दुसऱ्याकडे जाते. जी.एस.टी.ची नोंदणी घराच्या पत्त्यावर केली, तर ते घर ‘व्यवसायाचे मुख्य ठिकाण’ म्हणून सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पहाऱ्याचे दुसरे रूप याहून उघड आहे. अपवर्कसारख्या परदेशी मध्यस्थ कंपनीच्या तासाच्या बोलीवरील कामात श्रमिकाच्या पडद्याची छायाचित्रे तासाला सुमारे सहा वेळा आपोआप टिपली जातात. एखादे चित्र पुसण्याची मुभा आहे. पण पुसले की तेवढ्या वेळाची मजुरी बुडते. खासगीपणाला एवढा रोकडा भाव आजवर कोणी लावला नव्हता. आणि ज्याचा पडदा असा पाहिला जातो, त्याला समोरचा ग्राहक इतरांना काय दर देतो, याचा पत्ताही नसतो. एका बाजूस सर्व उजेड, दुसऱ्या बाजूस सर्व अंधार अशा वाटणीला ‘करार’ हे नाव शोभत नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. चाकोरीतील नोकरीबाहेर सुट्या कामावर जगणाऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज नीती आयोगाने २०२२ मध्ये मांडला. सामान पोहोचविणारे आणि संगणकावर काम करणारे असे दोघेही त्यात येतात.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०१८ मध्ये आधार कायद्यातील कलम ५७ चा, खासगी कंपन्यांना कराराच्या जोरावर आधार वापरू देणारा भाग घटनाबाह्य ठरला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार संमती मुक्त आणि बिनशर्त असावी लागते व आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी लागते. शब्द निर्दोष आहेत. परंतु ज्याच्या महिन्याच्या भाड्याची तजवीज समोरच्याच्या होकारावर अवलंबून आहे, त्याची संमती मुक्त कशी असेल? पोट हातावर असणाऱ्याच्या सहीला स्वेच्छा म्हणणे ही कायद्याने केलेली थट्टा होय.

याच कायद्याने आणखी एक काम केले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयीच्या पोटकलमातून व्यापक जनहिताची कसोटी काढून टाकली. ‘वैयक्तिक’ या एका शब्दावर नकार देणे अधिकाऱ्यांना त्यामुळे सोपे झाले. सत्तेला पडदा आणि श्रमिकाला उघडा संसार, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. खासगीपणा दुर्बलाचे कवच असावा. त्याची सबलाची तटबंदी करण्यात आली आहे.

यावर शहाणी मंडळी सांगतात की, ज्याने त्याने सावध राहावे: आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी, कामासाठी वेगळा दूरध्वनी क्रमांक व वेगळे बँक खाते ठेवावे. सल्ला चांगला आहे आणि तो जरूर पाळावा. परंतु एकेकट्याच्या सावधगिरीने हक्क निर्माण होत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती कोणी एकाने रविवारी घरी राहून मिळविली नव्हती. तसा राहणारा सोमवारी कामावरून गेला असता. ती संघटनेने मिळविली. आठवड्यातील एक दिवस मालकाचा नव्हे, हा त्या लढ्याचा आशय होता. घराचा एक कोपरा मालकाचा नव्हे, ही मागणी त्याच कुळातील आहे. म्हणूनच खासगीपणाला मध्यमवर्गीयांचे चोचले समजणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपली समजूत तपासून पाहावी.

मार्गही महाराष्ट्राला अपरिचित नाही. माथाड्यालाही एक मालक नव्हता. आज एका पेढीवर, उद्या दुसऱ्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे आणली. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मालकाने मंडळात भरायची, मंडळाने ती कामगारास द्यायची. याच धर्तीवर मुक्त व्यावसायिकांचे मंडळ झाले, तर ओळखीची कागदपत्रे एकदाच मंडळाकडे राहतील, ग्राहकाला फक्त नोंदणी क्रमांक कळेल, आणि करकपात व मजुरी मंडळामार्फत होईल. घरचा पत्ता घरीच राहील.

मग सगळी माहिती सरकारच्या हाती जाणार नाही काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी मंडळात निवडून आलेल्या श्रमिकांचे बहुमत हवे, न्यायालयाच्या आदेशावाचून पोलिसांसह कोणालाही माहिती देण्यास मनाई हवी आणि काम संपल्यावर ठरावीक मुदतीत कागद नष्ट करण्याचे बंधन हवे. पडद्याची छायाचित्रे टिपण्यास तर कायद्यानेच बंदी हवी. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाने मध्यस्थ कंपन्यांना श्रमिकाची खासगी संभाषणे आणि भावनिक स्थिती यांची माहिती वापरण्यास, तसेच तो काम करीत नसतानाची माहिती गोळा करण्यास मनाई केली. तेथे जे शक्य झाले ते येथे अशक्य का मानावे?

गिरण्यांच्या दाराशी सभा घेणे सोपे होते, कारण कामगार एकत्र बाहेर पडत. हा नवा श्रमिक हजारो बंद खोल्यांत विखुरलेला आहे आणि शेजारच्या खोलीतही आपल्यासारखाच कोणी आहे, हे त्यास ठाऊक नाही. मालकाला त्याचे दार सापडले आहे. संघटनेला ते अजून सापडावयाचे आहे.