वकिलीतून वाहननिर्मितीकडे

लातूर-नांदेडच्या आडत बाजारात माल वाहणाऱ्या लहान गाडीला सारेच ‘टेंपो’ म्हणतात. कंपनी कोणतीही असो. मुळात हे जर्मनीतील हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचे नाव. ते आपल्याकडे रुळले अहमदनगरच्या एका जैन वकिलामुळे.

नवलमल फिरोदिया यांचा जन्म १९१० चा. वडील कुंदनमलजी नामांकित वकील, पुढे मुंबई विधानसभेचे सभापती. नवलमलजींनीही वकिलीच पत्करली. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला. माणसाने माणसाला ओढावे हे त्यांना रुचत नसे. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी मालवाहू गाडीत त्यांना यावरचा उपाय दिसला आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच ऑटोरिक्षा रस्त्यावर आली.

घरची चालती वकिली सोडून कारखानदारीत पडणे हे धाडसच होते. पतपेढीच्या हिशेबात न बसणारे. १९५८ साली बजाज समूहाच्या भागीदारीत आणि विडालच्या तांत्रिक साहाय्याने ‘बजाज टेंपो’ उभी राहिली. हॅनसीट ही तीनचाकी, पुढे मॅटाडोर, या गाड्यांनी छोट्या व्यापाऱ्याला बैलगाडी आणि ट्रक यांमधले वाहन दिले. भागीदारीचे मात्र पुढे बिनसले. दोन्ही घराण्यांत दीर्घकाळ वाद चालला. करारातील प्रत्येक कलमाचे मोल जाणणाऱ्या वकिलालाही तो टाळता आला नाही. कंपनी फिरोदियांकडे राहिली. २००५ पासून तिचे नाव ‘फोर्स मोटर्स’ झाले.