दारातली रांग आणि वॉर्डातली खाट

शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री जाऊन पाहावे. एक नातेवाईक स्ट्रेचर शोधीत असतो, दुसरा केसपेपरच्या खिडकीशी उभा असतो आणि वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णाजवळ घरातील एखादी वृद्धा तेवढी बसलेली असते. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही अन्याय आहे असेही आपणांस वाटेनासे झाले आहे.

सर्वोच्च न्यायालयाला मात्र तो अन्याय वाटला होता. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका गरीब माणसाला एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी परत पाठविले. अखेर खासगी रुग्णालयात स्वखर्चाने त्याचे प्राण वाचले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवून २५ हजार रुपयांची भरपाई देवविली. खाट कोठे रिकामी आहे हे तत्काळ कळावे, यासाठी केंद्रीय संपर्क व्यवस्था हवी, असेही बजावले.

गर्दी फार, डॉक्टर थोडे, हे नेहमीचे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. आलेल्याला आधी अनुभवी परिचारिकेने तपासून लाल, पिवळा, हिरवा असा क्रम द्यावा आणि कागद मागाहून व्हावेत, यास फारसा खर्च येत नाही. खरी कोंडी पुढे आहे. प्रथमोपचार झालेला रुग्ण वॉर्डात खाट नाही म्हणून अपघात विभागातच पडून राहतो. खाट नाही, कारण सकाळच्या फेरीत घरी सोडलेला रुग्ण कागदपत्रे, औषधे व वाहन यांची वाट पाहत सायंकाळपर्यंत तेथेच असतो. हे कागद आदल्या सायंकाळीच तयार झाले तर दुपारपूर्वी खाटा मोकळ्या होतील. तसे होत नाही, आणि नातेवाइकांचा संताप मात्र कोसळतो तो ज्याचा दोष सर्वांत कमी, त्या निवासी डॉक्टरवर! हे निंद्यच आहे.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत मुंबई महापालिकेने विभागवार वॉर रूम उघडून दूरध्वनीवरून खाटांचे वाटप केले होते. संकटात जे जमले, ते हृदयविकाराच्या आणि अपघाताच्या रुग्णासाठी प्रत्येक जिल्ह्यात कायमचे का जमू नये?

आपल्या सुशिक्षित वर्गाचाही येथे वाटा आहे. किरकोळ तापासाठी रात्री अपघात विभाग गाठणे आणि ओळखीच्या नगरसेवकाचा फोन लावून रांग ओलांडणे, यात मागे कोण राहिला हे आपण पाहत नाही.

रुग्ण दारात आला ती वेळ आणि डॉक्टरांनी प्रथम तपासले ती वेळ, या दोन्ही केसपेपरवर नोंदल्या जाव्यात. आपल्यापैकी जे रुग्णालयांच्या अभ्यागत समित्यांवर आहेत, त्यांनी पुढील बैठकीत आधी या दोन वेळांचा हिशेब मागावा. रंगरंगोटीचा विषय नंतर घेता येईल.