एका वर्षात नर्स?

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा ओटा पंधरा दिवस रिकामा राहत नाही. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला फॉर्म भरून हवा असतो, कुणाला नुसते रडून मोकळे व्हायचे असते. यंदा पहिल्याच आठवड्यात पोलादपूर तालुक्यातल्या एका गावातून मायलेकी आल्या. सकाळची एसटी पकडून महाडला, तिथून रिक्षाने आमच्याकडे. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी. कला शाखेतून ५८ टक्के. आईने बुरख्याच्या आतून घडी केलेले एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढले आणि आमच्यासमोर ठेवले. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : एका वर्षात नर्स व्हा.

“आपा, जवळच आहे. होस्टेलला ठेवायला नको. सकाळी जाईल, संध्याकाळी घरी येईल. भरू का पैसे?”

पत्रक हातात घेतले आणि आम्हांला आठ वर्षांपूर्वीची दुसरी एक मुलगी आठवली. तीही आमचीच विद्यार्थिनी. तिच्याही अम्मीने असेच पत्रक आणले होते आणि आम्ही ते नीट न वाचता म्हटले होते, “जवळ आहे ना, मग घाला.” मुलगी हुशार, हाताला हलकी, रुग्णाशी बोलणे गोड. वर्ष संपले, प्रमाणपत्र मिळाले, खासगी दवाखान्यात लागली. कोरोनाच्या काळात लोक एकमेकांच्या दारात जायला घाबरत होते तेव्हा ती रोज कामावर गेली. पुढे एका मोठ्या रुग्णालयात जागा निघाली. अर्जात पहिलाच रकाना होता : परिषदेचा नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता. त्या प्रमाणपत्रावर तो कधी मिळणारही नव्हता. आजही ती त्याच दवाखान्यात आहे, नर्सचे सगळे काम करते आणि पगार मदतनिसाचा घेते. आम्हांला ती कधी उलट बोलली नाही. ईदला सलाम करायला येते. ती येते तेव्हा आम्हीच नजर चुकवतो.

म्हणून यंदा आम्ही आधी चहा ठेवला आणि मग कागद-पेन घेऊन बसलो.

मदतनीस म्हणून काम शिकवणारे सहा महिन्यांचे, वर्षाचे अभ्यासक्रम वाईट नसतात. घरी वृद्धांची शुश्रूषा करायला, दवाखान्यात हाताखाली काम करायला ते उपयोगी पडतात. पण त्यातून नर्स होता येत नाही. आपल्या राज्यात नर्स म्हणजे जिचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत आहे ती. अभ्यासक्रम ठरवते भारतीय परिचर्या परिषद, १९४७ च्या कायद्याने उभी राहिलेली. (२०२३ मध्ये संसदेने परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला आहे, तेव्हा पुढे नावे बदलतील, नोंदणीची गरज बदलणार नाही.) त्या नोंदवहीपर्यंत नेणारे दरवाजे मुख्यतः तीन आहेत आणि तिन्हींपैकी एकही वर्षात संपत नाही.

पहिला एएनएम. दोन वर्षे, बारावी कोणत्याही शाखेची चालते, फक्त मुलींसाठी. आपल्या गावात लस द्यायला, गरोदर बायांची तपासणी करायला जी सिस्टर येते, जिल्हा परिषद जिला आरोग्य सेविका म्हणते, ती हीच. पुष्कळ घरांत तिच्यात आणि आशाताईत फरक करत नाहीत. आशा गावातलीच कार्यकर्ती असते, मोबदल्यावर काम करते. आरोग्य सेविका प्रशिक्षित आणि नोंदणीकृत असते.

दुसरा जीएनएम. तीन वर्षे, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. यालाही बारावीची कोणतीही शाखा चालते, पण एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. इथे आम्ही मुलीची गुणपत्रिका मागून घेतली. इंग्रजीत ४३. तीन गुणांनी वाचली! तिच्या आईला त्या तीन गुणांची किंमत कळली नाही, पण मुलीला कळली. तिने गुणपत्रिका परत घेऊन जपून पिशवीत ठेवली.

तिसरा बीएस्सी नर्सिंग. चार वर्षांची पदवी, आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, खुल्या प्रवर्गाला विज्ञान विषयांत ४५ टक्के हवेत, आणि गेल्या काही वर्षांपासून राज्याची सीईटीही द्यावी लागते. तेव्हा दहावीत असलेल्या मुलींच्या पालकांनी हे आताच वाचून ठेवावे. “मुलगी आहे, आर्ट्स घे, सोपे पडेल” हे आपल्या घरांत किती सहज म्हटले जाते! त्या एका वाक्याने चार वर्षांच्या पदवीचा सरळ रस्ता पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बंद होतो.

मग कला शाखेच्या मुलीने काय करायचे? आमच्या समोर बसलेल्या मुलीच्या मामूंनी कुवेतहून फोनवर सांगितले होते, “पुन्हा अकरावी सायन्स घे, बीएस्सीच कर, इकडे डिग्रीच चालते.” मामूंचे चुकीचे नाही. सौदीत पदवीवाल्या परिचारिकेला स्पेशालिस्टच्या वर्गात धरतात आणि पदविकावाल्या परिचारिकेला टेक्निशियनच्या, आणि पगार त्याप्रमाणे पडतो. पण हिशोब मांडून बघा. पुन्हा अकरावी-बारावी दोन वर्षे, पुढे पदवी चार, एकूण सहा. त्यात विज्ञान झेपेल याची खात्री नाही. त्याऐवजी जीएनएम तीन वर्षे आणि नोंदणी झाल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षे, एकूण पाच. पोस्ट बेसिकला बारावीची शाखा विचारत नाहीत. शिवाय तीन वर्षांनंतर मुलगी हवे तर मधे थांबून कमवू शकते. नोकरी करता करता शिकायचे असेल तर इग्नूचाही तीन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आहे. तिथून पुढे एमएस्सीचाही रस्ता उघडतो. मुलीने वहीत ‘सहा’ आणि ‘पाच’ असे दोन आकडे लिहिले आणि पाचाभोवती गोल केला.

एएनएम करून मग जीएनएम, मग पोस्ट बेसिक असेही जाता येते. पण तिथे आधीची वर्षे वजा होत नाहीत. दोन अधिक तीन अधिक दोन, सात होतात. म्हणून पुढे शिकायचेच ठरले असेल तर एएनएमपासून सुरुवात करण्यात फायदा नाही. घरची परिस्थिती दोन वर्षांपलीकडे थांबू देत नसेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळे झाल्यावर आम्ही मुलीला विचारले, “तुला स्वतःला काय हवे आहे?” ती इतका वेळ गप्प होती. म्हणाली, “मला आमच्या सिस्टरसारखे व्हायचे आहे.”

२०२१ च्या जुलैत ती आठवीत होती. २२ तारखेला आपल्या महाडात तळिये दरडीखाली गेले, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर आला, शहरात सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले. तिच्या वाडीचा रस्ता तुटला होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी उपकेंद्राची सिस्टर चिखलातून चालत वर आली, हिच्या दादीचे रक्तदाबाचे औषध घेऊन. “तिला माहीत होते आपा, दादीची गोळी संपली असणार.”

यावर आम्हांला चटकन बोलता आले नाही. डोंगराळ भागात एका उपकेंद्राकडे तीन हजार लोकसंख्या असा सरकारी निकष आहे. त्या तीन हजारांतली कोणती दादी कोणत्या गोळीवर आहे हे जिला ठाऊक असते, तिच्या कामाला लहान म्हणणारे आम्ही कोण? मामूंना कुवेत दिसते, अम्मीला संध्याकाळची एसटी दिसते आणि या मुलीला ती चिखलातली वाट दिसते. तिघांनाही आपापल्या जागी खरेच दिसते.

पण तिला आम्ही दुसरी बाजूही सांगितली. आरोग्य सेविकेची भरती जिल्हा परिषद काढते आणि ती कधी निघेल याचा नेम नसतो. मधल्या काळात कंत्राटी जागांवर काढावे लागते. बढती मिळाली तर आरोग्य सहायिका, त्यापुढची वाट अरुंद. जीएनएम केलेली मुलगी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होऊ शकते, पुढे परिसेविका होऊ शकते. दोन वर्षांचा अनुभव घेऊन एम्सच्या परीक्षेला बसू शकते. आणि तिला पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात येऊन काम करायला कुणी अडवणार नाही. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळून तीस माणसे गेली, २०१६ मध्ये सावित्रीचा पूल वाहून गेला, २०२० मध्ये आपल्या शहरातली तारिक गार्डन इमारत पडली. या तालुक्यांना शिकलेल्या हातांची गरज किती आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको.

अब्बांची हरकत निराळी होती. ते आले नव्हते, निरोप पाठवला होता : रात्रपाळी, परके मर्द, आणि कपडे. हे प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. अनेक घरांत शिक्षण याच तीन शब्दांवर थांबते. आम्ही उलट विचारले, तुमच्या घरातल्या बाळंतपणाला बाईच हवी असा आग्रह तुम्हीच धरता ना? मग ती बाई कुणाच्या तरी घरातून यायला हवी. हजरत रुफैदा अल्-असलमिया यांचा तंबू मदिनेत मस्जिदीपाशी होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना उपचारासाठी तिथेच नेले होते. आज बहरीनमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाचे पारितोषिक देतात. कपड्यांबद्दल मात्र गोड बोलून फसवायचे नाही. काही संस्था स्कार्फ चालवतात, काही नाही, प्रवेशाआधी विचारावे. वॉर्डात हात कोपरापर्यंत मोकळे ठेवून धुवावे लागतात, तो जंतुसंसर्ग टाळण्याचा नियम आहे, कुणाचा हट्ट नाही. रात्रपाळी आहेच. ती तीन वर्षांच्या शिक्षणातही करावी लागते.

मग उरला प्रश्न, कुठे घालायचे. महाडहून अलिबाग, दक्षिणेला कशेडी ओलांडून चिपळूणकडे डेरवण, उत्तरेला पनवेल-कामोठे, नाहीतर मुंबई. रोज जाऊन येण्यासारखे यातले काहीच नाही, तेव्हा होस्टेल आले. सरकारी संस्थेत फी नाममात्र असते, पण जागा कमी आणि गुणवत्ता यादी कडक. खासगीत वर्षाचा खर्च लाखाच्या घरात गेला तर नवल नाही. फी विचारताना होस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा, प्रात्यक्षिकाला नेणारी बस हे सगळे धरून तीन वर्षांचा एकच आकडा लिहून मागावा. तोंडी आकड्यावर विसंबू नये.

आणि संस्थेची इमारत बघून भुलू नये, तिचे रुग्णालय बघावे. भारतीय परिषदेचा दंडक प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन खाटांचा आहे. खाटा आहेत का, आणि त्यांवर रुग्ण आहेत का, हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. रिकाम्या वॉर्डात मुलगी काय शिकणार? संस्थेचे नाव महाराष्ट्र परिषदेच्या आणि भारतीय परिषदेच्या या वर्षीच्या यादीत आहे का ते संकेतस्थळावर स्वतः शोधावे. भिंतीवर लावलेले जुने पत्र पुरेसे नाही.

पैशांसाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर असतो. ओबीसी दाखला असलेल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे, पण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेले तरच. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ती सवलत गेली. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. मौलाना आझाद महामंडळाचे शैक्षणिक कर्जही आहे. त्याच्या व्याजाबद्दल घराघरांत वेगवेगळे मत असते, तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. आमच्या अनुभवात दाखले वेळेवर काढले तर अर्धी वाट तिथेच सरते.

परदेशाचे म्हणाल तर एक गोष्ट मामूंनाही ठाऊक नव्हती. २०१५ पासून आखातासह अठरा देशांत नर्स पाठवायची तर भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा भारत सरकारचा नियम आहे. तेव्हा “व्हिसा तयार आहे, तीन लाख द्या” म्हणणारा एजंट दारात आला तर त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे.

मुलगे असलेल्या वाचकांना एवढेच : जीएनएम आणि बीएस्सी मुलांनाही खुले आहे. आपल्याकडचा एकही मुलगा अजून आम्हांला याबद्दल विचारायला आलेला नाही.

दुपारच्या एसटीने मायलेकी गेल्या. पत्रक आमच्याच टेबलावर राहिले. चार दिवसांनी अब्बांचा फोन आला. आवाज अजून नाखूशच होता. म्हणाले, “आपा, होस्टेल मी स्वतः बघणार. पसंत नाही पडले तर नाही.” आम्ही म्हटले, जरूर बघा, आणि वॉर्डही बघा. येत्या रविवारी ते मुलीला घेऊन निघणार आहेत. जातीचा दाखला अजून तहसीलमधून यायचा आहे आणि इंग्रजीच्या ४३ गुणांवर सरकारी यादीत नंबर लागतो की नाही, हे आम्हांलाही माहीत नाही. मुलीने मात्र फोन हिसकावून घेऊन विचारले, “आपा, तीन वर्षांत मला इंजेक्शन कधी द्यायला मिळेल?”