मॅन्युअल फेकून देणाऱ्यांस

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या परिसरात एक गृहस्थ आहेत. आयटीआय करून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना ते वीजकामाचे धडे देतात. पोरं त्यांना मानतात, म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा समाचार घेणं मला भाग आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मल्टिमीटरच्या डब्यात येणारं मॅन्युअल कंपनीच्या वकिलांनी कंपनीसाठीच लिहिलेलं असतं. पहिली पानं घाबरवायची, शेवटचं पान हात वर करायचं. वॉरंटीत फ्यूज नाही, बॅटरी नाही, प्रोब नाही, पडला तर नाही, भिजला तर नाही, मग उरलं काय? तेव्हा ते कागद फेका, तीनशे रुपयांचा पिवळा मीटर घ्या, जळला की दुसरा घ्या. महागातला घ्या नाहीतर स्वस्तातला, २३० व्होल्ट दोन्हींवर २३०च दिसतात.

हे बोलणं बेधडक आहे आणि विशीतल्या पोराला बेधडकपणा पटकन आवडतो. पण मीटर हातात धरून पंपाच्या स्टार्टरपाशी उभा राहणार आहे तो पोरगा, हे गृहस्थ नव्हेत.

अनुभवी माणसाला मॅन्युअल लागत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. तो एका ओळीत संपतो: ज्या चुकीतून माणूस वाचत नाही, तिचा अनुभव सांगायला कोणी मागे उरत नाही. मॅन्युअल इंग्रजीत असतं, हा दुसरा. तो खरा आहे, पण मग मराठीत मागा. फेकून दिल्याने ते मराठीत येत नाही.

मला खरी चीड आहे ती शेवटच्या वाक्याची. आकडा तोच दिसतो म्हणून मीटर तोच. मीटरला दोन कामं करायची असतात. एक, आकडा दाखवणं. दोन, तो दाखवताना हातात न फुटणं. पहिलं काम तीनशेचा मीटरही बऱ्यापैकी करतो. दुसऱ्या कामाची परीक्षा रोज होत नाही, एखाद्याच दिवशी होते, आणि त्या दिवशी मीटर बदलायला वेळ मिळत नाही.

प्रोब खोचायच्या भोकांजवळ बारीक अक्षरांत ‘कॅट’ असं छापलेलं असतं. त्यापुढे रोमन आकड्यात दोन, तीन किंवा चार, आणि मग ३००, ६०० किंवा १००० व्होल्ट. हे गृहस्थ त्यातला व्होल्टचा आकडा तेवढा वाचायला शिकवतात: १००० लिहिलंय ना, मग आपल्या ४१५ला घाबरायचं कशाला? हे शिकवणं घातक आहे. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकात कॅटचा आकडा जागा सांगतो. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणापुरता दोन. इमारतीतलं वितरण पॅनेल आणि पक्की जोडलेली मोटार यांसाठी तीन. वीज जिथून आत येते तिथे, म्हणजे सर्व्हिस वायर आणि मीटरपेटीपाशी, चार. डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, जितकं जवळ जाल तितका आकडा मोठा हवा.

का हवा, याचं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. कॅट दोन १००० व्होल्ट आणि कॅट तीन ६०० व्होल्ट, या दोन्ही मीटरांना चाचणीत ६००० व्होल्टची क्षणिक उसळी सोसावी लागते. हे बघून १००० वाला मीटर सरस आहे असं कोणालाही वाटेल. पण कॅट दोनच्या चाचणीत त्या उसळीमागे १२ ओहमचा रोध असतो, कॅट तीनच्या चाचणीत फक्त २ ओहमचा. ६००० भागिले १२ म्हणजे ५०० अँपिअर. ६००० भागिले २ म्हणजे ३००० अँपिअर. छापलेला व्होल्टचा आकडा लहान, आणि सोसण्याची ताकद सहापट. प्लगमागे लांबलचक वायरिंग असतं, ते उसळीचा जोर खातं. पॅनेलमागे जाड केबल असते, ती काही खात नाही.

आता हे गणित आपल्या शिवारात आणा. भंडारा जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी, पायात चिखल, आभाळात विजांचा कडकडाट, आणि पंप बसला म्हणून वायरमनला बोलावणं. शेतातली डीपी १०० केव्हीएची धरू. तिच्या ४३३ व्होल्टच्या बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १३३ अँपिअर. तिची इम्पिडन्स साधारण साडेचार टक्के असते. म्हणजे डीपीपाशीच शॉर्ट झालं तर जवळजवळ ३००० अँपिअर धावतात. पंपापर्यंतच्या तारेमुळे ते कमी होतात, पण डीपीखालच्या पेटीत प्रोब लावणाऱ्याला तेवढी सवलत नाही. वीज पडली किंवा राईस मिलची मोठी मोटार बंद झाली की लाइनवर उसळी येते. मीटरच्या आत दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी पडलं तर ती तिथे ठिणगी पाडते. उसळी क्षणार्धात निघून जाते, पण ठिणगीने केलेल्या वाटेवरून मागची ४१५ व्होल्टची वीज वाहू लागते. मीटर फुटतो तो त्या मागून येणाऱ्या विजेने. वितळलेलं तांबं आणि प्लास्टिक हातावर, चेहऱ्यावर येतं. दोन्ही मीटरांवर २३० दिसतात हे ज्याने सांगितलं, त्याने यातलं काय सांगितलं?

एवढंही घडायची गरज नसते. साधी विसरण्यातली चूक पुरते. आधी प्रवाह मोजला, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला, आणि तसाच दोन फेजमध्ये लावला. त्या भोकामागे रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे वायरमनने स्वतःच्या हाताने शॉर्ट केलं. तिथून पुढे सगळी भिस्त फ्यूजवर. त्या पिवळ्या मीटरची तबकडी नीट बघा. १० अँपिअरच्या भोकाजवळ ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलं आढळेल. तिथे फ्यूजच नाही, हे बनवणाऱ्याने तोंडावर सांगितलेलं आहे, आणि आमचे गृहस्थ म्हणतात कागद वाचू नका!

बऱ्या मीटरात फ्यूज असतो आणि तो महाग असतो. कधी त्याची किंमत त्या पिवळ्या आख्ख्या मीटरपेक्षा जास्त. म्हणून तो उडाला की काच-फ्यूज बसवायचा किंवा तांब्याचा एक धागा गुंडाळायचा, ही आमच्याकडची सर्रास रीत. काचेचा साधा फ्यूज किती प्रवाह तोडू शकतो, याला मर्यादा आहे. मानकाप्रमाणे कमी क्षमतेच्या प्रकारात ती ३५ अँपिअर किंवा त्याच्या रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त असेल ते. १० अँपिअरच्या फ्यूजला म्हणजे १०० अँपिअर, तेही २५० व्होल्टला. समोर ४१५ व्होल्टवर हजारांत अँपिअर. काच फुटते आणि आतली ठिणगी चालूच राहते. मीटरचा अस्सल फ्यूज चिनी मातीसारख्या टणक नळीचा असतो, आत वाळू भरलेली. तार वितळली की ठिणगीच्या उष्णतेने वाळूही वितळते, तिची काचेसारखी ढेप होते आणि वाट बंद होते. असा फ्यूज १००० व्होल्टला १० हजार, २० हजार अँपिअर तोडतो. वॉरंटीच्या पानावर ‘सांगितलेलाच फ्यूज वापरा, अन्यथा जबाबदारी नाही’ असं लिहिलेलं असतं त्यामागे ही वाळू आहे. याला वकिलाचा कावा म्हणणारा माणूस फ्यूज फोडून आत बघत नाही.

हाच मुद्दा मी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या रूपांत मांडत आलो आहे. पूर्वी वाद ऑसिलोस्कोपच्या तिसऱ्या पिनेवरून होता. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. ती फेजला लावली की शॉर्ट होतं. यावर दुरुस्तीवाल्या एका पंथाने उपाय काढला की प्लगची अर्थ पिनच कापून टाकायची. शॉर्ट थांबलं खरं, पण स्कोपचं धातूचं सगळं अंग २३० व्होल्टवर आलं आणि त्यावर हात ठेवून हे लोक काम करू लागले. मॅन्युअल सांगतं: पिन कापू नका, डिफरन्शियल प्रोब वापरा. तेव्हाही उत्तर हेच होतं, की कंपनीला महागडा प्रोब विकायचाय.

त्याच्याही आधी टेस्टरचा वाद. निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद, असं मानणारे आजही आहेत. त्या दिव्यातला प्रवाह आपल्या अंगातून जातो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात किंवा भर उन्हात बघितलंत, तर जिवंत तारेवरही तो विझलेला वाटू शकतो. असो, तो वाद पुन्हा उकरत नाही.

जवाहरनगरात बसून हे सगळं लिहावं लागतं, याचं मला अधिक वाईट वाटतं. दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. तिथे २४ जानेवारी २०२५ला झालेल्या स्फोटात गेलेल्या कामगारांची घरं इथल्या पंचक्रोशीत आहेत. त्या स्फोटाच्या कारणांशी माझ्या विषयाचा संबंध मी जोडत नाही. पण छापील सूचना ही मेलेल्या माणसांच्या जागी उभी असते, हे ज्या गावाला सांगावं लागू नये ते हे गाव. मॅन्युअलमधलं एक वाक्य तर इथे मोठ्या अक्षरांत लावायला हवं: स्फोटक वायू, वाफ किंवा धूळ असेल तिथे हा मीटर वापरू नका. ओहमच्या रेंजवर मीटर आपल्या बॅटरीतला प्रवाह समोरच्या सर्किटमध्ये सोडतो, हे कितीजणांना ठाऊक असतं? तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीत विजेच्या डिटोनेटरचं सर्किट तपासायचं तर अतिशय कमी प्रवाहाचा खास मीटर लागतो, तो याच कारणाने. साध्या मल्टिमीटरने ‘नुसतं कंटिन्युइटी बघणं’ तिथे जीव घेऊ शकतं.

आता वॉरंटीकडे येतो. मग उरलं काय, असं ते विचारतात. उरतो तो कारखान्यात राहिलेला दोष: डिस्प्लेचे तुकडे न दिसणं, रेंजचा स्विच ढिला निघणं, आकडा ठरलेल्या अचूकतेबाहेर जाणं. वॉरंटी एवढ्याचीच असते आणि एवढ्याचीच असावी. पण कंपनीने छापलं म्हणजे तोच शेवटचा शब्द, हे या गृहस्थांनी गृहीत धरलं आहे, आणि इथे ते कंपनीपेक्षा कंपनीचे अधिक पक्षपाती ठरतात. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६मध्ये, ज्या कामासाठी वस्तू मागितली त्या कामाला ती योग्य असावी, अशी गर्भित अट आहे. ग्राहक विक्रेत्याला आपलं काम सांगून त्याच्या माहितीवर विसंबला, तर ती लागू होते. म्हणून दुकानात ‘एक मीटर द्या’ म्हणू नका. ‘थ्री फेज पॅनेलवर वापरायला मीटर द्या’ म्हणा.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. व्यापारी उपयोगासाठी वस्तू घेणारा त्यात ग्राहक ठरत नाही, एवढं अर्धवट ऐकून वायरमनला तक्रार करता येत नाही असं सांगितलं जातं. त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी उपयोगात धरली जात नाही. पोट भरण्यासाठी मीटर घेणारा वायरमन ग्राहकच आहे. कलम ८४ प्रमाणे, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचे इशारे दिले नाहीत आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार ठरू शकतो. म्हणजे ती घाबरवणारी पानं कंपनीने उपकार म्हणून छापलेली नाहीत, कायद्याने ती तिच्याकडून अपेक्षित आहेत. आणि कलम ८७ म्हणतं, इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. फ्यूजच्या जागी गुंडाळलेला तांब्याचा तो धागा तुमच्या मीटरसोबत तुमचा हा हक्कही जाळतो. मॅन्युअल फेका म्हणणारे, कंपनी आपल्याला फसवते म्हणणारे, पोराच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेतात.

मग करायचं काय, असं पोरं विचारतील. माझं सांगणं लांब नाही. थ्री फेजवर काम असेल तर कॅट तीन ६०० व्होल्टच्या खालचा मीटर घेऊ नका, आणि सर्व्हिस वायरपाशी कॅट चारच. प्रोबवरचा कॅट वेगळा वाचा, कारण मीटर तीनचा आणि प्रोब दोनचा असेल तर जोडी दोनचीच. ३० व्होल्ट एसी किंवा ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलात की धोका सुरू झाला असं समजा आणि बोटं प्रोबच्या कडीच्या मागेच ठेवा. लाइन बंद आहे हे ठरवण्याआधी मीटर चालू लाइनवर बघा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. पैसे कमी असतील तर तिघांत मिळून एक चांगला मीटर घ्या.

बिल घ्या, त्यावर मीटरचा मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का त्याच दिवशी मारून घ्या. दोष कारखान्याचा असूनही दुकानदाराने परत पाठवलं, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत ते मॅन्युअल जोडावं लागेल, तेवढं जपून ठेवा.